निंबोळीची साक्ष



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा आधी मी टाळाटाळच केली. मंगरूळपीरला माझे शेतीच्या औषधांचे आणि बियाण्यांचे दुकान आहे. बिल फाडणे आणि उधारीची वही लिहिणे यापलीकडे लेखणीशी माझा संबंध उरलेला नाही. पण समितीतला आपला मित्र फोनवर म्हणाला, "आठवणी तं सगळेच लिहितीन बाप्पा, तू तुया धंद्याचं लिह. अन् त्यात थोडा इतिहास टाक." इतिहासाच्या पेपरात मला किती गुण पडायचे हे त्याला चांगले माहीत आहे, तरी तो असे म्हणाला. तेव्हा जमेल तसे लिहितो. शाळेतल्या कडूनिंबापासून सुरुवात करतो, कारण माझा धंदा आणि हा इतिहास दोन्ही त्या झाडाखाली एकत्र येतात.

जूनच्या शेवटी शाळा उघडायची तेव्हा त्या झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असे. पिकलेली निंबोळी चोखून बी एकमेकांना मारणे हा मधल्या सुट्टीतला आपला खेळ. घरी आजी ज्वारीच्या कोठीत निंबाचा पाला घालायची. गोवर निघालेल्या पोराच्या अंथरुणाला पाला लावायची आणि पाडव्याला कडू कोंब खाल्ल्याशिवाय गोड देत नसे. यात काही विद्या आहे असे तिला वाटत नव्हते, आपल्यालाही नाही. गावात दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचे देवस्थान आहे, तसाच दारात निंब आहे, एवढेच.

आपले शास्त्राचे सर प्रयोगवही तपासायचे ते आठवते का? मी एकदा लिहिले होते, "परीक्षानळीत थोडे पाणी घेतले." सरांनी लाल पेनाने गोल केला आणि वर्गासमोर उभे करून विचारले, "थोडं म्हणजे किती?" तारीख, माप आणि डोळ्यांना काय दिसले, या तीन गोष्टी नसतील तर तो प्रयोग झालाच नाही, असा त्यांचा नियम होता. आपल्याला तो जाच वाटायचा. त्या नियमाची किंमत पुढे म्युनिकमध्ये कशी लागली, तेच आज सांगायचे आहे.

आपण दहावीत होतो तेव्हा मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा १९९८ साली झाला. त्या वर्षी डिसेंबरात, १९८४ च्या २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. सरांनी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवले. तो वायू, मिथाइल आयसोसायनेट, ज्याच्यासाठी साठवला होता ते कीटकनाशक म्हणजे सेविन. कापसावरच्या किडीसाठी आपल्याकडचे लोकही ते नाव ओळखत होते. हजारो माणसे मेली ती कापूस वाचवणाऱ्या औषधाच्या कारखान्यामुळे, हे त्या वयात नीट डोक्यात शिरले नाही. मार्च १९८५ मध्ये आपण बोर्डाच्या परीक्षेला बसलो आणि पांगलो.

त्याच १९८५ साली आपल्याच राज्यात एक उद्योजक दुसऱ्या वाटेने चालला होता. पुण्याच्या अजय बायोटेक या कंपनीचे अभय फडके यांनी निंबोळीपासून काढलेल्या तेलाचे औषध तयार केले आणि १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत वेगवेगळ्या पिकांवर ते फवारून पाहिले. विषारी रसायनाऐवजी झाडाचे तेल वापरून पिकावरची बुरशी आवरायची, हा हेतू. तेव्हा ही बातमी नव्हती. आपल्यापैकी कुणाच्या कानावर ती येण्याचे कारणही नव्हते.

फडके काही शून्यातून सुरू झाले नव्हते. त्यांच्या आधी बऱ्याच लोकांनी वाट तुडवून ठेवली होती. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी निंबाच्या तेलातून निंबिन आणि इतर कडू द्रव्ये वेगळी काढली. १९५९ साली सुदानात टोळधाड आली, तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, टोळ सगळे हिरवे खाऊन गेले, फक्त निंब उभा राहिला. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान यांनी टोळधाडीच्या वेळी उभ्या पिकावर निंबोळीचे पाणी फवारले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी खाल्ले नाही. १९६८ मध्ये या गुणाचे मुख्य द्रव्य सापडले, ॲझाडिरॅक्टिन. आणि महाराष्ट्रात खादी ग्रामोद्योग आयोगाच्या अखाद्य तेल विभागात सी. एम. केतकर यांनी निंबोळी गोळा करणे, वाळवणे, तेल काढणे, पेंड वापरणे यावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा निंबाच्या उपयोगावरचा अहवाल १९७६ सालचा आहे. जी बी आपण एकमेकांना फेकून मारत होतो, तिच्यावर कुणी अहवाल लिहीत होते.

आता निंब काम कसे करतो ते थोडक्यात सांगतो, कारण रोज गिऱ्हाइकाला हेच समजावण्यात माझा वेळ जातो. ॲझाडिरॅक्टिन किडीला जागच्या जागी मारत नाही. अळीची खाण्यावरची वासना जाते, कात टाकता येत नाही, वाढ खुंटते. म्हणून फवारल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात जाणाऱ्याला अळी जिवंतच दिसते आणि तो म्हणतो, "पैसे पाण्यात गेले." शिवाय उन्हात हे द्रव्य काही दिवसांतच निकामी होते. जमिनीत आणि पाण्यात ते साचून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण, आणि दुकानदाराच्या दृष्टीने तोच त्याचा अवगुण. निंबोळीच्या तेलाचा दुसरा एक भाग आहे, पाण्यात न मिसळणारा. त्यात ॲझाडिरॅक्टिन जवळजवळ नसते, पण भुरीसारख्या बुरशीवर तो चालतो. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, म्हणून मध्ये साबणासारखे काही घालून त्याचे दुधासारखे मिश्रण करावे लागते. फडके ज्या कामात होते ते हेच.

आता अमेरिकेकडे वळतो. रॉबर्ट लार्सन नावाच्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने भारतात निंबाचे उपयोग पाहिले आणि १९७१ पासून निंबोळी मायदेशी नेली. त्याच्या निंबाच्या औषधाला तिथल्या पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली तीही १९८५ सालीच. तीन वर्षांनी त्याने आपले हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस या मोठ्या रसायन कंपनीला विकले. पुढे १९९० मध्ये ग्रेस आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी मिळून युरोपात पेटंटचा अर्ज केला आणि १९९४ मध्ये तो मंजूर झाला. क्रमांक ०४३६२५७. पेटंट निंबाच्या झाडावर नव्हते, हे इथे स्पष्ट करायला हवे, कारण पुढे बरीच भाषणे तशी झाली. निंबोळीचे पाण्यात न मिसळणारे तेल ०.१ ते १० टक्के, त्यात थोडे मिश्रणद्रव्य आणि बाकी पाणी घेऊन वनस्पतींवरची बुरशी आवरण्याची पद्धत, असा तो दावा होता. थोडक्यात, पुणे-सांगलीच्या शेतांत जे फवारले गेले होते, जवळपास तेच.

१९९५ मध्ये तिघींनी या पेटंटला हरकत घेतली. युरोपीय संसदेतल्या हरित पक्षाच्या माग्डा आल्व्हूट, आपल्या वंदना शिवा आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वतीने लिंडा बुलार्ड. त्यांची बाजू बासेलचे प्राध्यापक फ्रित्झ डोल्डर यांनी मांडली.

भारतात शतकानुशतके निंब वापरला जातो, हा मुद्दा आपल्याला पुरेसा वाटतो. पण पेटंटच्या कचेरीत आजीचा अनुभव मोजपट्टीला लागत नाही. तिथे विचारतात, नेमके हेच, याच प्रकारे, अर्जाच्या तारखेच्या आधी कुणी उघडपणे केले होते का? कधी? कुठे? किती प्रमाणात? म्हणजे सरांचाच प्रश्न: थोडे म्हणजे किती?

त्याला उत्तर अभय फडके यांच्यापाशी होते. मे २००० मध्ये ते म्युनिकला युरोपीय पेटंट कचेरीसमोर साक्षीला उभे राहिले. तेल कसे काढले, मिश्रण कसे केले, १९८५ आणि १९८६ मध्ये कोणत्या भागात फवारले, हे त्यांनी सांगितले. चाचण्या शेतकऱ्यांच्या देखत झाल्या होत्या, त्यात लपवालपवी नव्हती. बनारस हिंदू विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ प्रा. यू. पी. सिंह यांनीही पुरावा दिला. दोन दिवस सुनावणी चालली. १० मे २००० रोजी कचेरीने पेटंट रद्द केले. अपील झाले, ते आणखी जवळजवळ पाच वर्षे चालले आणि ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. हरकत घेणाऱ्या तिघी बायका आणि निकाल महिलादिनी, याची तेव्हा चर्चा झाली.

अशीच लढाई हळदीची. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे निघाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतले. तिथे लढाई छापील पुराव्यांवर जिंकली गेली, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले उतारे काढून. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले ते याच धड्यातून. हळदीला ग्रंथ उपयोगी पडले. निंबाच्या वेळी एका कारखानदाराचे काम उपयोगी पडले. दोन्हीकडे तोंडी माहितीला कुणी विचारले नाही.

इथपर्यंतचा इतिहास मी २०१७ नंतर शोधून वाचला. त्याआधी माझ्या दुकानात निंबाच्या तेलाच्या बाटल्या सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ खात असायच्या. का वाचला, ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा वर धरावा लागे आणि तुषार अंगावर येत. दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची सवय होतीच. आपल्या तालुक्यातही माणसे आजारी पडली. त्यातला एक मजूर माझ्याच दुकानातून नेलेले औषध मारत होता. तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. हातमोजे मी दिले नव्हते, त्याने मागितले नव्हते. अकोल्याला नेले, तो वाचला. महिन्याभराने दुकानात आला तेव्हा म्हणाला, "भाऊ, नजर अधू झाली जराशी." तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगितले. मग बायकोसाठी भेंडीचे बी घेतले, पैसे दिले आणि गेला. मला त्या पैशांची मोड देता येईना, हात थरथरत होता.

मी कायदा मोडला नव्हता. परवाना होता, औषध मंजूर होते, बिल होते. तरी त्या रात्री मी बिलबुके काढून बसलो. दोन वर्षांत कुणाला कोणते औषध दिले ते सगळे लिहिलेले होते, तारखेसकट, मापासकट. कुणाचे काय झाले, ते एकाही पानावर नव्हते. सरांच्या नियमातली तिसरी गोष्ट, डोळ्यांना काय दिसले, ती मी दुकान उघडल्या दिवसापासून लिहिलीच नव्हती.

तेव्हापासून एक वेगळी वही ठेवली आहे. उन्हाळ्यात ज्यांना जमेल त्यांना निंबोळ्या वेचून सावलीत वाळवायला सांगतो. पाच टक्के अर्काची कृती कागदावर लिहून गल्ल्यापाशी लावली आहे: वाळलेल्या निंबोळ्यांची भरड ५ किलो, दहाएक लिटर पाण्यात रात्रभर भिजत. सकाळी फडक्यातून पिळून गाळायचे. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा. एकूण १०० लिटर करायचे आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचे. ज्यांना घरी करायला वेळ नाही त्यांच्यासाठी तयार बाटल्या आहेत, ३०० पीपीएमपासून १०,००० पीपीएमपर्यंत. नेणाऱ्याने पंधरा दिवसांनी येऊन काय दिसले ते सांगायचे आणि मी ते वहीत लिहायचे, एवढीच अट.

वहीत सगळे गोड नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला निंब काही करू शकत नाही, हे मी स्वतः तीनदा लिहिले आहे. मावा, तुडतुडे सुरुवातीला असताना फवारले तर उपयोग होतो, रान भरल्यावर नाही. पाऊस आला तर पुन्हा फवारावे लागते. एका मित्राने, आपल्याच वर्गातल्या, सोयाबीनवर दोनदा निंबच मारला आणि चक्रीभुंग्याने त्याचे नुकसान केले. तो मला चारचौघांत बोलला. बरोबरच बोलला. ते पानही वहीत आहे. मी अजूनही रासायनिक औषधे विकतो. ती बंद केली तर गिऱ्हाईक शेलूबाजारला जाईल, विष काही कमी होणार नाही. पण जहाल औषध मागणाऱ्याला मी आधी विचारतो, कीड किती आहे, पानामागे पाहिलं का? आणि हातमोजे, चष्मा, तोंडाचा मास्क दिल्याशिवाय डबा देत नाही. त्यावरून दोन-चार गिऱ्हाइके तुटली. तुटू द्या.

निंबाची गोष्ट पुढे सरकारनेही ऐकली. युरियाला निंबोळीची पेंड चोळली तर नत्र हळूहळू सुटते, वाया कमी जाते, याचे प्रयोग १९७० च्या दशकातले. २०१५ मध्ये देशात तयार होणारा सगळा युरिया निंबाच्या तेलाचा लेप दिलेलाच असावा, असे केंद्राने ठरवले. म्हणजे आज आपण विकत आणतो त्या प्रत्येक पोत्यात निंब आहे. चाळीस वर्षे लागली, पण आला.

मित्रांनो, फडके यांच्या साक्षीची हकीकत वाचून मला अभिमान वाटला, तो "आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते" या जातीचा नव्हता. माहीत तर माझ्या आजीलाही होते. अभिमान याचा वाटला की, आपल्यातल्या एका माणसाने घरचे ज्ञान उचलले, त्याचा माल केला, तो शेतात नेऊन तपासला आणि विचारले तेव्हा कधी, कुठे, किती हे सांगू शकला. या दोन्हींमधले अंतर त्याने स्वतःच्या पैशाने आणि उन्हातान्हात चालून काढले. उद्योग म्हणजे हेच असावे.

मेळाव्याच्या दिवशी मी ती वही बरोबर आणणार आहे. शास्त्राचे सर येणार आहेत असे कळले. सर, तुम्ही ती तपासावी अशी विनंती आहे. लाल पेन मी आणीन. शाळेतल्या मुलांनीही येत्या जूनपासून झाडाखालच्या निंबोळ्या वेचून, वजन करून, अर्क करून शाळेच्या बागेत फवारावा आणि काय दिसले ते लिहावे, यासाठी लागणारा तराजू, बादल्या आणि कोऱ्या वह्या माझ्याकडून. वहीच्या पहिल्या पानावर मी फक्त तीन शब्द लिहून देईन: तारीख, माप, दिसले.

बाकी भेटीअंती. मधल्या सुट्टीत झाडाखाली जमू. निंबोळीचा हंगाम नसला तरी चालेल.